कामटी दोन ठिकाणी टेकते

विसरवाडी, २९ मे

निर्मला,

तू माझा नंबर ब्लॉक केलास ते एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी तीन शब्दांत भांडण उभं करतो. कागदावर तेवढा वेग येत नाही. पेन मध्येच थांबतं आणि तेवढ्या वेळात माणूस शहाणा होतो, निदान अर्धा.

आधीच सांगतो, हे पत्र मी आज टाकणार नाही. जुलै संपताना निकाल लागेल, त्यानंतर टाकीन. निकाल माझा नाही. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याचा कसला निकाल? निकाल तुझ्या आईचा आहे.

बाहेरून दहावीला बसलेल्यांचा निकाल उशिरा लागतो, असं तिनं तुला सांगितलंय. ते खोटं आहे. निकाल याच महिन्यात सगळ्यांबरोबर लागला. मराठीत एकसष्ट. विज्ञानात पास. इंग्रजीत कशीबशी पार. गणितात सत्तावीस. आठ मार्कांनी गेली. बीजगणित तिला येतं, पण भूमितीचा पेपर तिनं जवळजवळ कोरा दिला. आता पुरवणी परीक्षेला बसणार आहे. फॉर्म तू भरला होतास, म्हणून तुला कळू द्यायचं नाही असं तिचं म्हणणं. निकालापर्यंत सांगणार नाही असं मी कबूल केलंय. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नाही, म्हणून लिहितो आणि गादीखाली ठेवतो.

तिला एवढी घाई का, ते तुला माहीत नसणार. वसतिगृहात गृहमातेची जागा निघाली आहे. इतकी वर्षं त्याच पोरींना ती रांधून घालते. कोणाला ताप आला, कोणी घरी जायचं म्हणून रडतंय, ते मंगलाबाईंच्या आधी तिला कळतं. अधीक्षिका असून मंगलाबाई स्वतःच हे म्हणतात. त्यांनी सांगितलंय, ऑगस्टपर्यंत मी जागा धरून ठेवते, दहावी पासचा कागद आण. नाही आणला तर संस्था धुळ्याहून बाई पाठवणार आणि तुझी आई चुलीपाशीच राहणार.

मी यात कसा आलो? वसतिगृहाच्या मोठ्या कढईचा कान तुटला, तो जोडायला ती अन्वरभाईच्या दुकानात आली. मी दोन वर्षांपासून त्यांच्याकडेच वेल्डिंग करतो, हे तुझ्या कानावर असेल. ती बाकावर बसून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, तू निर्मलाबरोबर गणिताला होतास ना, मग रोज सकाळी दोन तास दे, दुकान काही दहाच्या आधी उघडत नाही. मी काही बोलायच्या आत अन्वरभाईच म्हणाले, “जाय रे, शिकाड तिले. पन तुन्हा राग आठेच ठेवी जाय.” राग दुकानातच ठेवून जायचा, एवढी त्यांची अट.

काल पहिला दिवस झाला. तुझे बाबा रस्त्याच्या कामावर सोनगडला आहेत, घरी ती एकटीच. ती आपल्या बोलीत बोलते, मी इथे मराठीत उतरवतो. आपली बोली लिहायला घेतली की माझा हात अडतो.

मी वहीत दोन त्रिकोण काढले आणि म्हणालो, हे एकरूप आहेत हे सिद्ध करायचं. ती म्हणाली, सारखेच तर दिसतात. मी म्हणालो, दिसतात हे चालत नाही. ती म्हणाली, मग एक कापून दुसऱ्यावर ठेव, बसला तर बसला. मी सांगितलं, परीक्षेत कापता येत नाही.

“मग बोर्डानं कात्री द्यायला पाहिजे.”

शेजारची गुलाबबाई दारात उभी होती, ती हसली. माझं डोकं फिरलं. वही मिटली आणि उठून आलो.

तुला यात नवल वाटणार नाही.

रोशन


६ जून

निर्मला,

उठून आलो खरा, पण तुझ्या आईचा प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना. दिसतंय सारखं, मग सिद्ध कशाला? हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. सर फळ्यावर लिहायचे, आपण उतरवायचो.

उत्तर दुकानातच सापडलं. नवापूरहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याच्या भिंतीतल्या फळीला लोखंडाचे तिकोनी आधार आहेत, त्यातला एक गंजून पडला. त्याला अगदी तसाच हवा होता. तो म्हणाला, दुसरा भिंतीतून उपसून नमुन्याला आणू का? अन्वरभाई म्हणाले, काही आणू नको, तीन पट्ट्यांची मापं सांग. त्यानं सांगितली, मी कापल्या, जोडल्या. संध्याकाळी फोन आला की चपखल बसला. ना आम्ही ती भिंत पाहिली, ना त्यानं आमचं दुकान.

दुसऱ्या दिवशी मी साडेसहालाच तुमच्या अंगणात. म्हणालो, मावशी, त्रिकोणात सहा गोष्टी असतात, तीन बाजू आणि तीन कोन. सहाही मोजायला नको. नेमक्या तीन कळल्या की उरलेल्या तीन आपोआप जुळतात. एकावर एक ठेवून बघायचं तर दोन्ही त्रिकोण एका गावात लागतात. सिद्ध करायचं तर एक नवापुरात आणि एक विसरवाडीत असला तरी चालतो.

तिनं वहीतल्या दोन्ही त्रिकोणांवर एकेक बोट ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे न भेटता कळतं, सारखे आहेत ते.”

“हो.”

“मग हे त्या दिवशीच सांगायचं. उठून कशाला गेलास?”

न भेटता कळतं, हे ती त्रिकोणांबद्दलच बोलली. माझं मन मात्र नाशिकला जाऊन आलं. तू तिथे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असशील. मी इथे डोळ्यावर काळी काच लावून. आपल्यातल्या किती गोष्टी अजून जुळतात ते मोजायला गेलो आणि तीनवरच अडकलो. ते असो.

मग मी तिला कसोट्या शिकवल्या. बा म्हणजे बाजू, को म्हणजे कोन. तिन्ही बाजू जुळल्या की बाबाबा. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन, बाकोबा. दोन कोन आणि त्यांच्यामधली बाजू, कोबाको. दोन बाजू आणि मधला नसलेला कोन, बाबाको. ही शेवटची तर दहावीला लागतेच. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून दोन स्पर्शिका काढल्या तर त्या सारख्या लांबीच्या असतात, हे दाखवताना त्रिज्या सारख्या, कर्ण दोघांचा एकच, आणि काटकोन. तो काटकोन काही त्या दोन बाजूंच्या मध्ये नसतो. म्हणजे दोन बाजू आणि कुठलाही एक कोन, बास. वसतिगृहात कुठल्या वारी कुठली भाजी हे सांगावं तशा तिनं चारही म्हणून दाखवल्या.

इथे एक कबूल करतो. नववीचं पुस्तक तुझं आहे. तिनं ते पेटीतून काढून पुढ्यात ठेवलं, मी पहिलं पान उघडलं आणि तुझं नाव दिसलं, हिरव्या पेनानं, ‘नि’ची वेलांटी लांब ओढलेली. मी मिटून टाकलं. म्हणालो, पुस्तक लागत नाही, मला पाठ आहे. काल ती परत म्हणाली, पुस्तकात काय लिहिलंय ते एकदा बघू या. मी म्हणालो, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, विश्वास आहे रे, पण पुस्तकही आहे. मी ते उचललं आणि अंगणात भिरकावलं. कोंबडीला लागता लागता राहिलं.

ती उठली, पुस्तक आणलं, पदरानं पुसलं, पेटीत ठेवलं आणि म्हणाली, पुढचं सांग, मास्तर. मला वाटलं तितकी ती चिडली नाही.

रोशन


२० जून

निर्मला,

वसतिगृह परवा सुरू झालं. आता ती पहाटेच कामाला जाते, म्हणून शिकवणी दुपारी, पोरींची जेवणं आटोपल्यावर, तिथल्याच ओट्यावर. अन्वरभाईंनी दुपारची सुट्टी दिली आहे, कुरकुर न करता. त्यांचं म्हणणं, मी हल्ली लोखंडाशीही नीट बोलतो.

ती भराभर पुढे चालली आहे. पक्ष, साध्य, सिद्धता, तीन मथळे आखून घेते. प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण लिहिते. वसतिगृहातल्या नववीच्या दोघी येता जाता तिची वही बघतात आणि त्यांना वाटतं ही आमच्यावर लक्ष ठेवायला शिकतेय. ती त्यांना तसंच वाटू देते.

घराच्या मागच्या कुडाचं काम तिनं एकटीनं केलं, मी मदतीला येतो म्हटलं तर नको म्हणाली. बांबू फोडून कामट्या काढल्या, विणल्या, शेणमातीनं लिंपल्या. तिचे हात कामट्यांनी कापलेले असतात आणि तशाच हातांनी ती कंपास धरते.

एक गोष्ट मात्र आहे. ती पूर्वीपेक्षा कमी बोलते. परवा मध्येच विचारलं, “कोन मधला नसला तरी चालतो, हे नक्की ना?”

“किती वेळा सांगू? चालतो.”

“बरं, मास्तर.”

पुन्हा तिनं ते काढलं नाही. मला वाटलं, पटलं.

तुझी एक ओढणी दोरीवर वाळत होती, पिवळी. तुझी आई आता ती डोक्याला बांधून चुलीपुढे बसते. मी त्या दिवशी तीन गणितं चुकवली आणि दोष उन्हाला दिला.

रोशन


३ जुलै

निर्मला,

काल भूमितीचा पेपर झाला. मी सुट्टी घेऊन तिच्याबरोबर नंदुरबारला गेलो, खांडबाऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं. सगळा रस्ता ती ओठ हलवत होती, शेजारच्या बाईला वाटलं प्रार्थना करतेय. केंद्राच्या फाटकावर शिपाई म्हणाला, पालकांनी बाहेर थांबा. तिनं पिशवीतून प्रवेशपत्र काढून त्याच्या नाकासमोर धरलं. तो एकदा फोटोकडे बघे, एकदा तिच्याकडे. आत सोळा-सतरा वर्षांची नापास पोरं, त्यांच्यात ती तिची चांगली निळी साडी नेसून. एका पोरानं तिला बेंच नंबर शोधून दिला. दुरून बघताना मला काय झालं ते मी लिहीत नाही.

बाहेर आली ती हसत. स्पर्शिकांचं प्रमेय आलं होतं. एका मार्काला विचारलं होतं, यातली कोणती एकरूपतेची कसोटी नाही. मी म्हणालो, काय लिहिलंस? ती म्हणाली, जे लिहायचं ते लिहिलं, आता भजी खाऊ. स्टँडवर भजी खाल्ली. येताना तिनं पिशवीतून तुझं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, माझं काम झालं, आता हे तू ठेव.

काल मला वाटत होतं, दोन वर्षांत मी हे एक काम नीट केलं.

आज सकाळी पुस्तक उघडलं. तुझं अक्षर बघायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. तिसरं प्रकरण. समासात तू हिरव्या पेनानं लिहिलंयस: “बाबाको ही कसोटी नाही. कोन मधलाच हवा. फक्त काटकोन असला तर चालतं, त्याला कर्णभुजा म्हणायचं. फसू नको.”

मी छापील पान वाचलं. तेच आहे. सगळं पान वाचलं, दोनदा. निर्मला, मी तिला चुकीची कसोटी शिकवली. काटकोनाचं जे एकट्याचं होतं ते मी सगळ्या कोनांना लावलं. शंका आली तेव्हा तिला गप्प केलं. पुस्तक उघडू दिलं नाही. एका वेलांटीसाठी.

कोणती कसोटी नाही, या प्रश्नाचं उत्तरच बाबाको होतं. तो मार्क गेला. प्रमेयात कर्णभुजाऐवजी तिनं बाबाको लिहिलं असेल, म्हणजे तिथलेही गेले. आणखी कुठे कुठे वापरलं असेल देव जाणे. आठ मार्कांचा प्रश्न होता आणि मी किती खाल्ले ते मोजवत नाही.

रोशन


१८ जुलै

निर्मला,

तीनदा तिला सांगायला गेलो, तीनदा न सांगता आलो.

पहिल्यांदा तिनं नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ पुढ्यात ठेवली आणि गुलाबबाईला म्हणाली, हा माझा मास्तर. तोंडात घास होता, कसं सांगू? दुसऱ्यांदा वसतिगृहात गेलो तर ती गृहमातेच्या खोलीच्या दारात उभी. आत गेली नव्हती. खिडकी पूर्वेला आहे म्हणजे सकाळचं ऊन पोरींच्या रांगेपर्यंत दिसेल, असं मला सांगत होती. तिसऱ्यांदा तिनंच विचारलं, काही बोलायचंय का? मी म्हणालो, नाही, कढईचा कान कसा आहे ते बघायला आलो होतो.

अन्वरभाईंना सांगितलं. माझी काच वर करून ते म्हणाले, “सांगी टाक. चिडनारा मानूस तू शेस, ती नही.”

बरोबर आहे. तरी सांगवेना. कारण तुलाच लिहितो. ती रागावली असती तर मी सहन केलं असतं, उलट दोन शब्द बोललोही असतो. पण ती रागावणार नाही. ती म्हणेल, असू दे. आणि उठून चुलीपाशी जाईल. ते मला बघवणार नाही.

रोज दुपारी एक वाजला की मी फोन बघतो. अजून तारीख जाहीर नाही.

रोशन


३० जुलै

निर्मला,

पास.

आधी तेवढंच लिहितो आणि पेन खाली ठेवतो.

काल एकला निकाल लागला. साइटवर नंबर टाकला की उमेदवाराच्या आईचं नाव विचारतात. मी टाकलं, रूपीबाई. तुझी आजी असती तर म्हणाली असती, माझं नाव सरकारला कशाला हवं? अक्षरं उमटेपर्यंत अन्वरभाईंनी मशीन बंद करून टाकलं होतं. गणित, त्रेचाळीस. मी वर बघितलं, परत खाली बघितलं. त्रेचाळीस. अन्वरभाई म्हणाले, “आते जाय ना, उभा काय शेस?”

मोटरसायकल घेऊन वसतिगृहावर गेलो. तुझी आई फाटकापर्यंत धावत आली. माझा फोन घेतला, चष्मा नव्हता म्हणून हात लांब धरून आकडा वाचला, मग माझ्याकडून वाचून घेतला, मग मंगलाबाईंकडून. त्या आत गेल्या आणि गृहमातेच्या खोलीची किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली. कागद यायचाय अजून, तो आला की देते असंही म्हणता आलं असतं. तसं म्हणाल्या नाहीत.

मला तिथेच थांबता आलं असतं. पण छातीवरचा दगड एका बाजूनं उतरला तर दुसऱ्या बाजूनं टोचायला लागला. स्वयंपाकघरात तिच्या मागे गेलो आणि बोलून टाकलं. मावशी, मी तुला चुकीचं शिकवलं. बाबाको ही कसोटीच नाही. तू पास झालीस ती माझ्यामुळे नाही, माझ्या असण्यावर मात करून झालीस.

ती हसायला लागली. पातेल्यावरचं झाकण धरून हसत होती.

“मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“जूनपासून. पुस्तक फेकलंस ना, ते मी पेटीत ठेवलं आणि तू गेल्यावर उघडलं. तू एक सांगत होतास, पोरीनं एक लिहून ठेवलं होतं. ऐकायचं कोणाचं? म्हणून करून बघितलं.”

चुलीजवळ एक मोडकी टोपली होती, तिच्यातून तिनं एक लांब आणि एक आखूड कामटी उपसली. लांब कामटीचं एक टोक फरशीच्या रेघेवर ठेवलं आणि ती तिरकी धरली. हा तुझा कोन, म्हणाली, हा हलवायचा नाही. वरच्या टोकाला सुतळीनं आखूड कामटी बांधून सोडली. ती लोंबायला लागली. तिनं ती झुलवून रेघेवर टेकवली. मग उचलली, झुलवली, आणि त्याच रेघेवर आणखी पुढे टेकवली.

“दोन ठिकाणी टेकते. दोन त्रिकोण झाले. कामट्या त्याच, कोन तोच. पण एक उपाशी आणि एक नऊ महिन्यांची पोटुशी. सारखे आहेत का?”

मग लांब कामटी तिनं खांबासारखी ताठ उभी केली. आखूड कामटी आता रेघेपर्यंत पोचेना. दोघींची बांधणी तिनं बदलली, आखूड ताठ उभी आणि लांब झुलती. लांब कामटी डावीकडे टेकली, उजवीकडे टेकली. दोन्हीकडे अंतर तेवढंच. म्हणाली, काटकोन असला की दोन्हीकडे एकच त्रिकोण, फक्त उलटा. म्हणून कुडाचा खांब ताठ लागतो.

निर्मला, मी चार सेमिस्टर गणित शिकलो. मला हे असं कोणी दाखवलं नव्हतं. दाखवलं असतं तरी मी बघितलं नसतं.

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? आवाज चढला होता, ते मलाही ऐकू आलं.

ती शांतपणे सुतळी सोडवत म्हणाली, “विचारलं होतं ना एकदा. तू डाफरलास. आणखी सांगितलं असतं तर तू यायचाच बंद झाला असतास. मला मास्तर हवा होता. मग तुझं चुकलेलं तेवढं मी मागून नीट करून घेतलं.” सुतळी गुंडाळून ठेवली. मग म्हणाली, “निर्मलाही तेच करायची. माणूस किती दिवस मागून नीट करत राहील, रोशन?”

माझे कान तापले. उत्तर जिभेवर आलंच होतं, नेहमीचं. पण पातेल्यात डाळ उकळत होती, बाहेर पोरी किल्ली बघायला गोळा झाल्या होत्या, आणि ती माझ्याकडे बघत होती. घाबरून नाही. वाट बघत. मी म्हणालो, “बरोबर आहे.” एवढंच. आणि इतकं हलकं वाटलं की मी तिथेच पाटावर बसलो.

तुझं काय काय मागून नीट करून झालं असेल ते मी आता शोधतोय. माझ्या जर्नलमधली रीडिंग्ज तू पेन्सिलीनं बदलायचीस, मला वाटायचं माझीच बरोबर आली. एकदाच तू समोर बोललीस. सरांपुढे मी जर्नल फाडलं, त्यानंतर, एसटी स्टँडवर. माफीच्या दोन ओळी लिहून दे आणि परत वर्गात ये, एवढंच म्हणालीस. सगळ्या लोकांसमोर मी तुला काय बोललो ते परत लिहीत नाही. तू गाडीत बसलीस आणि खिडकीतून बाहेर बघितलं नाहीस. मला दोन वर्षं वाटत राहिलं की तू मला सोडलंस. तू दमली होतीस. हे तुझ्या आईनं कामट्या दाखवल्यावर मला कळावं, याची लाज वाटते. पण कळलं याचं बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू.

माफीच्या त्या दोन ओळी अजून लिहिलेल्या नाहीत. कॉलेजला लिहायच्या त्या. तुला मात्र लिहितो. माझं चुकलं. त्या दिवशीही आणि त्याच्या आधीही.

रोशन


२ ऑगस्ट

निर्मला,

काल तुझ्या आईनं तुला फोन केला, तेव्हा निकाल आणि खोटं, दोन्ही तुला कळलं. तू तिच्यावर रागावलीस आणि मग गणिताचे मार्क तिला दोनदा म्हणायला लावलेस, असं ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं.

पत्रं टाकायची होती. पण ती सगळी तिच्याबद्दल आहेत, तिला न दाखवता कशी टाकू? आज रविवार, दुपारी गठ्ठा तिच्याकडे नेला. नव्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून तिनं सगळी वाचली, ओळीखाली बोट धरून. मी समोर ओट्यावर बसलो. कोंबडीपाशी हसली. पिवळ्या ओढणीपाशी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. पुढे एका ठिकाणी बोट थांबलं.

“हे चुकलंय. तू लिहिलंस, मी फाटकापर्यंत धावत आले. मी धावले नाही. चालत आले.”

मी म्हणालो, मावशी, मी डोळ्यांनी बघितलं, तू धावत होतीस. ती म्हणाली, माझ्या हातात गरम झारा होता, तो घेऊन कोण धावतं? मी म्हणालो, झारा नव्हता. ती म्हणाली, होता. मला राग चढायला लागला. मग आठवलं, तिथे मंगलाबाई होत्या. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्या म्हणाल्या, चालत होत्या, झारा होता, आणि धावत तूच आलास, फाटकापासून, गाडी चालू ठेवून.

झारा मला अजूनही आठवत नाही. पण दोघी सांगतात. तीस तारखेच्या पत्रात मी ती ओळ खोडलेली नाही, तुला दिसावी म्हणून. दुरुस्ती तुझ्या आईच्या सांगण्यावरून इथे लिहितो: चालत आली, हातात झारा होता.

पाकीट ती स्वतः उद्या पोस्टात टाकणार आहे. ही एक चूक तिनं काढली. बाकीच्या तू काढ.

रोशन